वय दोन वर्षे

ओदिलियाने खुर्चीवरचा गुलाबी झगा उचलून खुंटीला अडकवला आणि ती टेकली. तिचा नवरा फेर्मिन दाराशीच उभा राहिला, टोपी हातात फिरवत. ग्रिसेल्दाच्या दुकानात पुढे मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे टांगलेले असत. जानेवारी लागला की मागच्या खोलीत ती सॅलिनास गावातल्या शेतमजुरांचे टॅक्सचे कागद भरून द्यायची.

ग्रिसेल्दा या दोघांच्या लेकीची, अब्रिलची, धर्ममाता. बाळाच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं त्या दिवसापासून ती आणि ओदिलिया एकमेकींना कोमाद्रे म्हणत, म्हणजे एकाच लेकराच्या दोन आया. कोमाद्रेला कागदांबद्दल विचारणं म्हणजे तिच्याकडे जेवायला बसून ताट हुंगणं. गावात कुणी तसं करत नसे.

ग्रिसेल्दा टाइप करता करता कुणाची पोर घट्ट झग्यात घेरी येऊन पडली ते सांगत होती. मधेच पुटपुटली, "अब्रिल. वय दोन वर्षे."

फेर्मिनच्या हातातली टोपी थांबली.

अब्रिल सव्वा वर्षाची असताना तापाने गेली होती, मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात. तिच्या अंगावरचा शेवटचा पांढरा झगा याच खोलीत शिवला होता, ग्रिसेल्दानेच.

"कोमाद्रे, तिचं नाव कशाला?" ओदिलियाने विचारलं.

"राहू दे गं. मूल दाखवलं की टॅक्सचे चार पैसे जास्त परत येतील. थडग्यावर दगड तरी बसवाल. अजून लाकडाचा क्रूसच आहे ना?"

खाली कागद भरून देणाऱ्याची सही कोण करणार, असं ओदिलियाने हळूच विचारलं. ग्रिसेल्दा हसली. ती कुणाच्याच कागदावर सही करत नसे. उद्या काही निघालं तर निस्तरायचं ज्याचं त्याने.

ओदिलिया संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली.

"पुन्हा वाच."

"काय?"

"नाव. वयासकट."

ग्रिसेल्दाने वाचलं. या वेळी तिचा आवाज खाली आला. ओदिलियाने डोळे मिटून ऐकलं, मग टेबलावरचे आपले कागद एकेक करून गोळा केले.

शनिवारी ती दोघं वाचनालयात गेली. तिथे एक निवृत्त शिक्षिका फुकट कागद भरून देत. बाईंनी भरून देणाऱ्याच्या जागी आपलं नाव कुठे येईल ते आधी दाखवलं, मग मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, मुलं किती?

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ओळखीच्या सगळ्यांना माहीतच होतं. फेर्मिन बुटांकडे बघू लागला.

"नाहीत," ओदिलिया म्हणाली. बाईंना ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं.

घरी परतताना फेर्मिन गाडी चालवत होता. लेट्यूसचे मळे मागे पडले, तेव्हा म्हणाला, "दोन वर्षांची पोरं बोलतात, नाही?"

"बोलतात की. ऐकून घेत नाहीत कुणाचं."

त्याने मान हलवली आणि गाडीचा वेग थोडा कमी केला.