गैरहजरांचा होकार

'लिफ्ट बंद आहे' असा पुठ्ठा लिफ्टच्या जाळीवर पहिल्यांदा लटकला, तेव्हा सगळी इमारत हळहळली. मग पुठ्ठा सवयीचा झाला. तळमजल्यावरचा दुकानदार त्याच दोरीला छत्री वाळत घालू लागला. वर्ष उलटलं, पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडले, आणि एका रविवारी खाली वाहनतळात भरलेल्या सभेपुढे दुकानदाराने ठराव मांडला: लिफ्ट कायमची काढून टाकावी आणि त्या जागेत सामान ठेवायची खोली करावी.

"कुणाचा विरोध?" अध्यक्षांनी विचारलं.

खालच्या तीन मजल्यांचेच लोक होते; वरचे कुणी कामावर होते, कुणाला जिना झेपत नव्हता. त्यांना लिफ्टचं सुखदुःख नव्हतं, वर्गणीचं होतं. सगळे गप्प. तेवढ्यात जिन्याच्या पोकळीतून, पार वरून, एक आवाज खाली आला. "विरोध! माझा विरोध आहे!"

तो पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा होता. त्यांचा खुबा मोडला होता. कुबडी घेऊन घरात चालत, पण जिना त्यांच्यासाठी संपला होता.

"सभेबाहेरचा आवाज नोंदवायचा नसतो," दुकानदार म्हणाला.

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "आपला नियम काय? जो गैरहजर, त्याचा होकार. लिही गं. एकमताने मंजूर."

हे 'लिही गं' ज्या मुलीला उद्देशून होतं, ती अध्यक्षांची एकुलती एक लेक. लहानपणापासून आजीबाईसारखं बोलायची म्हणून घरात-दारात तिला सगळे थोरलीच म्हणत. अक्षर चांगलं, म्हणून सभेचं टिपण तिच्या गळ्यात. तिने लिहिलं: 'विरोध नाही.' हात लिहीत होता आणि कान वर लागले होते. वरून आवाज अजून येतच होता.

थोरली नोकरी करायची वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे एक काटा आला. ताटली रिकामी, तरी आकडा दिसत होता. तिने त्यावर 'नापास'चं लाल लेबल चिकटवलं आणि एकदम तिचं अंग तापलं. ताटलीत काही नाही, तर काट्याने शून्य दाखवायचं! सभेला न आलेल्या माणसाचं मत म्हणजे रिकामी ताटली. तिला आम्ही 'हो' म्हणून मोजतो? आणि काल तर ताटली रिकामीसुद्धा नव्हती!

संध्याकाळी ती घरी शिरली ती चप्पल न काढताच.

"बाबा, कालचा ठराव चोरीचा आहे."

बाबा पंपाच्या वायरी सोलत बसले होते. इमारतीचा पंप बिघडला की तेच दुरुस्त करायचे. अध्यक्षपद त्यांनी मागून घेतलं नव्हतं. कुणी तयार नव्हतं म्हणून एकदा त्यांच्या अंगावर पडलं, आणि मग ते कातडीसारखं चिकटलं.

"चोरी? सगळ्यांसमोर झालाय ठराव. एकमताने. लोकशाही आहे ही."

"ज्यांना लिफ्ट लागते ते लिफ्ट नाही म्हणून खाली येऊ शकत नाहीत. खाली येत नाहीत म्हणून त्यांचं मत नाही. आणि त्यांचं मत नाही म्हणून लिफ्ट नाही! ही लोकशाही? हा तर उंदराला सापळ्यात कोंडून 'बाहेर ये, मग सोडतो' म्हणण्याचा प्रकार झाला."

"जीभ फार चालते तुझी."

"काकूंची पण चालत होती काल. तुम्ही ऐकलंत. खोटं सांगू नका, ऐकलंत!"

बाबांच्या हातातली वायर थांबली. "हे बघ, कुणीतरी वाईटपणा घेतल्याशिवाय इमारत चालत नाही. एकेकाच्या दाराशी जाऊन विचारत बसलो तर खिळासुद्धा ठोकून होणार नाही. म्हणून तो नियम. आणि काकूंचं म्हणशील, तर त्यांनी घर विकून भाचीकडे जावं. तिकडे तळमजला आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे एका माणसाला घरातून काढायचं ठरलं, आणि ते ठरवलं त्याच माणसाच्या होकाराने. छान!"

"तू पण सुरू झालीस?"

"पुढची सभा पाचव्या मजल्यावर घ्या," थोरली म्हणाली. "काकूंच्या घरी. आणि ठराव पुन्हा मांडा. हिंमत असेल तर!"

बाबा चिडले. चिडलेला माणूस नको तिथे सही करतो, म्हणतात ते खोटं नाही. "घे! लिही नोटीस! ठिकाण पाचवा मजला. आण, सही करतो. बघू पाच मजले चढून कोण तडफडतंय. रिकाम्या भिंतींना भाषण दे."

त्यांनी सही केली. रागाच्या भरात स्वतःचाच नियम विसरले.

थोरली मात्र विसरली नव्हती.

*

रविवारी काकूंच्या बाहेरच्या खोलीत मोजकीच माणसं जमली. काकू स्वतः, शेजारच्या नर्सबाई, चौथ्या मजल्यावरचे बसड्रायव्हर, आणि टिपण घ्यायला थोरली. खालून कुणीही आलं नाही. कोपऱ्यात दोरीने बांधलेली खोकी होती. भाचीने परवा येऊन अर्धं घर आवरून ठेवलं होतं. भिंतीवर जिथे घड्याळ होतं तिथे फिकट गोल उरला होता. तो पाहून थोरली पुन्हा पेटली.

"माझी एक युक्ती आहे," ती म्हणाली. "ठराव मांडा, लिफ्ट दुरुस्त करावी आणि पैसे सगळ्यांनी भरावेत. तुम्ही तिघं हो म्हणा. खालचे सगळे गैरहजर. गैरहजराचा काय?"

"होकार!" ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. "आयला, एकमताने मंजूर! याला म्हणतात गाडी उलटी फिरवणं. चिरडू दे त्यांना त्यांच्याच चाकाखाली."

"खरंच होईल असं?" नर्सबाईंचे डोळे चमकले.

"नाही," काकू म्हणाल्या.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच नाही म्हणत होत्या!

"काकू, नियम त्यांचाच आहे," थोरली म्हणाली. "त्यांना कळू दे की कसं वाटतं."

"मी आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते, पोरी. एका गावाचा माणूस दुसऱ्या गावाच्या माणसाशी जोडून द्यायचा, हे माझं काम. पलीकडून आवाज आला नाही, तर मी काय सांगायचे? 'पलीकडे कुणी बोलत नाही.' 'ते हो म्हणाले' असं सांगितलं असतं तर लाथ मारून हाकललं असतं मला. आणि तू आज मला तेच करायला सांगतेस?"

"त्यांनी वर्षभर तेच केलं!"

"म्हणून तर मला त्यांचा राग आहे! तुला काय वाटतं, मी साधू झालेय? मी दर सभेला कठड्याला धरून घसा फाटेस्तोवर ओरडलेय. खोकी बांधताना भाचीसमोर रडलेय. राग माझ्या हाडात आहे, मोडलेल्या हाडात तर दुप्पट! पण मला राग लिफ्ट बंद पडल्याचा नाही. यंत्र आहे, बंद पडायचंच. मला माणसातून वजा केलं, त्याचा आहे. आता मी खालच्या सगळ्यांना वजा करू?"

"मग बहुमत त्यांचंच आहे," ड्रायव्हर वैतागून म्हणाले. "जन्मभर हरायचं का?"

"हरायला माझी हरकत नाही. नीट ऐक. खालचे जास्त आहेत म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. जास्त माणसं तर दरोड्यातही असतात. तरी हरलेला माणूस बहुमताचं का मानतो? कारण त्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं असतं, आणि पुढच्या वेळी लोकांना पटवायची संधी त्याला असते. तेवढ्या एका गोष्टीवर खुर्ची उभी असते. ती काढून घेतली की अध्यक्ष म्हणजे नुसता दार अडवून उभा राहिलेला माणूस. मग ते दार तुझ्या बाबांनी अडवलेलं असो की तू."

थोरलीचा चेहरा उतरला. तिने लेखणी हातात फिरवली. नापास काट्यावर लेबल लावणारी आपण, आणि आज तोच काटा आपल्या बाजूने झुकतोय म्हणून चालवून घेणार होतो!

इतक्यात खाली पायांचा धपधप आवाज झाला. मग धापा. मग बाबांचा आवाज, चिरका, घाबरलेला. खाली दुकानदाराने त्यांना विचारलं होतं, 'वर सभा चाललीय, आपण इथे, म्हणजे आपला होकार की हो?' आणि अध्यक्षांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

"थांबा! सभा थांबवा! माझा विरोध आहे!"

थोरली कठड्याशी धावली. बाबा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते. शर्ट घामाने चिंब, एक हात छातीवर. नर्सबाई दोन-दोन पायऱ्या उतरत त्यांच्याकडे गेल्या, नाडी धरली आणि वर बघून म्हणाल्या, "काही नाही, दम लागलाय. पण आता एक पायरीही चढायची नाही."

"लिही... माझा विरोध लिही," बाबा धापा टाकत ओरडले.

थोरलीच्या तोंडून ते निसटलंच. "तुम्ही सभेत नाही आहात, बाबा. सभेबाहेरचा आवाज नोंदवायचा नसतो."

"अगं, मी जिवंत माणूस इथे बसून बोलतोय! तुला ऐकू येतंय ना? ऐकू येतंय, तर लिहीत का नाहीस?"

काकू कुबडी टेकत कठड्यापर्यंत आल्या होत्या. त्या खाली वाकल्या.

"अध्यक्ष, वर्षभर मी इथून हेच विचारत होते."

बाबांनी वर पाहिलं. जिन्याच्या पोकळीतून त्यांना काकूंचा चेहरा दिसला, वर्षात पहिल्यांदा. मग त्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांची मान खाली गेलेली थोरलीने कधी पाहिली नव्हती, आणि तिला त्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

"सभा खाली न्या," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"तो बसलाय तिथे. मला तिथवर येता येणार नाही, मी इथूनच बोलेन. आवाज आहे माझा. बाकीच्यांना हाका मारा. प्रत्येकाने आपापल्या मजल्यावर उभं राहायचं. ज्याला यायचं नाही, त्याचं नाव 'आला नाही' एवढंच लिही. होकारही नाही, नकारही नाही."

आणि त्या इमारतीची सभा जिन्यावर भरली! दारं उघडली. कुणी ओल्या हातांनी आलं, कुणी पेंगुळलेल्या डोळ्यांनी. आई दुसऱ्या मजल्यावर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने ठराव मांडला: लिफ्ट काढू नये, दुरुस्त करावी. वरून प्रश्न खाली गेले, खालून शिव्या वर आल्या.

"वर राहायची हौस तुमची, पैसे आम्ही का भरायचे?" दुकानदार तळातून ओरडला.

"तुझ्या गटाराचे मी भरले होते ना?" वरून काकू. "पाचव्या मजल्यावर गटार तुंबत नाही हो!"

पहिल्यांदा सगळा जिना हसला. दुकानदारसुद्धा गालात हसला, मग पुन्हा गंभीर झाला. भांडण लांबलं. पण या खेपेला दोन्हीकडचं दोन्हीकडे ऐकू जात होतं. तळमजल्याने कमी भरावं, वरच्यांनी थोडं जास्त, हे नर्सबाईंनी सुचवलं.

मतं घ्यायची वेळ आली. बाबा पायरीवरून उठले. "आधी मला बोलू द्या. तो नियम मी केला होता. कामं पटापट व्हावीत म्हणून केला, असं मी म्हणायचो. खरं सांगू? मला 'नाही' ऐकायचं नव्हतं! आज पाचच मिनिटं कुणी माझं ऐकलं नाही, तर जीव गुदमरला. या बाईंचं आम्ही वर्षभर ऐकलं नाही. तो नियम आजपासून रद्द करावा, आणि लिफ्टला माझा होकार. खरा होकार. लिही गं."

मजल्यामजल्यावर हात वर झाले. सगळे नाहीत, पण निम्म्याहून जास्त.

"माझा विरोध!" दुकानदार गरजला. "माझा विरोध लिहा!"

"लिहिला," थोरली म्हणाली. "तुमच्या शब्दांत, पूर्ण."

वाचकहो, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या सभेत बसतो. घरात, कचेरीत, इमारतीत, देशात. तिथे कुणीतरी विचारतं, 'कुणाचा विरोध?' आणि शांतता पसरते. त्या शांततेला आपण संमती म्हणतो आणि घरी जाऊन जेवतो. ती संमतीच आहे कशावरून? जिना अडवला होता का, आवाज दाबला होता का, हे कधी बघतो आपण? सत्ता डोक्यांच्या बेरजेने मिळते, पण तिला मान मिळतो तो ज्यांची डोकी कमी भरली, त्यांचं ऐकून घेतल्यामुळे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला कवडीची किंमत नाही!

लिफ्ट सुरू झाली. पुढच्या सभेला काकू खाली आल्या, कुबडी भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्या. घरातली खोकी सुटली होती, घड्याळ आपल्या जागी गेलं होतं. अध्यक्षांनी कागद उघडला. "सुरू करू या?"

काकूंनी चौफेर नजर फिरवली. "दुकानदार दिसत नाही तो?"

"नसेल येत. नाहीतरी विरोधच करणार," ड्रायव्हर पुटपुटले.

"म्हणूनच थांबा," काकू म्हणाल्या आणि थोरलीकडे वळल्या. "फोन लाव त्याला. आवाज येईपर्यंत फोन ठेवू नकोस."