शहाद्याजवळचा समुद्र

“काका, यातला एखादा मासा तुम्ही कधी तळून खाल्लाय का?”

जिनलनं विचारून टाकलं. दाराबाहेर उभ्या असलेल्या सीमा आणि कृपाली ओढण्या तोंडात कोंबून खाली वाकल्या. पैजच तशी लागली होती. हेमकांतकाकांच्या हॉलमध्ये जायचं, त्या निळ्या टँकसमोर उभं राहायचं आणि अजिबात न हसता हाच प्रश्न विचारायचा. तोही अशा गल्लीत, जिथे अंडंसुद्धा कुणाच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

काका प्लास्टिकच्या पट्टीनं आतल्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“एकदा विचार आला होता,” ते म्हणाले. “दिवसभर लाईट नव्हती, इन्व्हर्टरही बसला होता. पण माझ्यापेक्षा हेच जास्त उपाशी दिसायला लागले. मग राहू दिलं.”

टँकसमोरच्या खुर्चीत बसलेली त्यांची आई, जसोदामाय, पदराआड खुदखुदली. बाहेर पैज जिंकल्याचा गलका झाला, चपला पळाल्या. जिनल मात्र तिथून निघायचं विसरूनच गेली.

तिला वाटलं होतं, चार मासे असतील, प्लास्टिकची झाडं असतील आणि बुडबुडे सोडणारा एखादा राक्षस. इथे तसलं काहीच नव्हतं. दगड होते, आणि दगडांवर बटणांएवढी हिरवी-नारिंगी फुलं एकमेकांना खेटून बसली होती. एक गुलाबीसर झुडूप आपल्या शेकडो मुठी उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी मोठ्या माशाच्या गालाशी जाऊन तो साफ करत होती, आणि मासा न्हाव्यापुढे बसल्यासारखा स्थिर झाला होता.

“हे झाड कसलं?”

“झाड नाही, जनावर आहे ते. ही फुलंसुद्धा जनावरंच. दगडही जिवंतच समज.”

“मी तं रोज देखस,” जसोदामाय म्हणाली. “तरी दगडले जीव शे, हाई पटत नही.”

त्या दिवशी जिनल घरी गेली ती दिवेलागणीला.

मग ती रोजच जायला लागली. काकांचं शहाद्याला ठिबक सिंचनाचं दुकान होतं, आणि टँकच्या मागची सगळी नळ्यांची गुंतागुंत त्याच मालातून उभी राहिलेली होती. समुद्राचं मीठ कुरियरनं यायचं. उन्हानं टँकमधलं जेवढं पाणी उडून जाई तेवढं शुद्ध पाणी एका कॅनमधून, केळीच्या बुंध्याशी पडावं तसं, थेंब थेंब आत पडत राही. हॉलमध्ये एसी होता, तो टँकसाठी. मासे एसीत आणि हेमकांत पंख्याखाली, असं गावात हसून सांगितलं जाई.

मागच्या वर्षापर्यंत वर्गात उभं केलं की जिनल बुटांकडे बघून बोलायची. आता ती येईल त्याला थांबवून प्रवाळ समजावून सांगायची. पप्पांनाही तिनं जेवताना ऐकवलं, की काका पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजून सोडतात.

“हे तर मी केळीला सोडतो,” रतिलाल म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“मग कोरलला केळीच समजा, पप्पा.”

रतिलालनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी शेतातून येताना ते हेमकांतकडे डोकावून आले. आठवड्याभरात त्यांनी शहाद्याला एका लहान टँकसाठी लोखंडी स्टँड वेल्डिंगला टाकलं. कारण काकांनी कबूल केलं होतं, की दहावीची परीक्षा संपली की त्यांचा जुना छोटा टँक जिनलचा, आणि प्रत्येक प्रवाळाचा एक-एक तुकडासुद्धा. मम्मीची, म्हणजे प्रतिभाची, एकच अट होती. माशांना घालायचे गोठवलेले झिंगे तिच्या फ्रीजमध्ये दिसता कामा नयेत. ते हेमकांतभाऊंच्याच फ्रीजमध्ये राहतील, आणि जिनल येताना अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरेल. जिनलनं ताबडतोब हो म्हटलं. त्या टँकसाठी तिनं दिवसातून दोनदा अंघोळ केली असती.

काकांच्या घरातही एक अट होती, आणि ती जसोदामायसाठी होती. पावसाळ्यात एकदा तिनं माशांना बाजरीच्या भाकरीचा कुस्करा घातला होता. पाणी दुधासारखं झालं, दोन मासे गेले. काका ओरडले नव्हते. नळी हातात धरून एवढंच म्हणाले होते, “पुन्हा कुणी यात काही टाकलं तर टँक उचलून दुकानात नेईन.” ते ओरडले नाहीत म्हणूनच सगळ्यांना खात्री पटली, की ते खरंच नेतील. तेव्हापासून जसोदामाय हात मांडीवर ठेवून बसे. तिचे गुडघे ओट्याच्या पलीकडे साथ देत नव्हते. गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर जमत, ती टँकसमोर असे. कुठला मासा कुणावर रुसला, कुठला खेकडा कुणाच्या शिंपल्यावर टपून आहे, हे सगळं तिच्याकडून कळे. सुरतेला ती चारदा जाऊन आली होती, पण साड्यांच्या दुकानापलीकडे, समुद्रापर्यंत, तिला कुणी नेलं नव्हतं.

लग्नसराई सुरू झाली. काकूच्या भाच्याच्या लग्नाला काका-काकू सुरतेला गेले, जसोदामाय गुडघ्यांमुळे मागे राहिली आणि टँकची देखभाल जिनलकडे आली. काकांनी किल्ली दिली तेव्हा तिनं ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि शाळेत तासातासाला चाचपून बघितली.

सुरुवातीला सगळं नीट होतं. मग एका संध्याकाळी गुलाबी झुडपाच्या मुठी मिटलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी बटणांची फुलं मिटली. सगळा दगड करडा, कुणीतरी खरवडून काढल्यासारखा. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मिशाळ कोळंबी वाळूवर आडवी पडली होती. पाय हलत होते, पण उगाच, पाण्यानं हलवल्यासारखे.

तिनं काकांना फोन लावला. मागे बँड वाजत होता. काका बाजूला गेले असावेत, कारण आवाज एकदम कमी झाला.

“मासे कसे आहेत?”

“मासे नीट फिरतायत.”

“जेवतायत?”

“हो.”

“मग तांबं गेलंय पाण्यात. मासे तेवढं सोसतात, बाकीच्यांना ते विष आहे. बघ, एखादी तार, क्लिप, काही पडलंय का. सापडलं की सांग. रात्रीची गाडी पकडतो मी.”

जिनलनं मोबाइलचा टॉर्च लावला. वाळू, नळ्यांचे सांधे, दगडांच्या फटी. तारबीर काही नव्हती. मोठ्या दगडाच्या मागे, काचेच्या अगदी कोपऱ्यात, काहीतरी गोल चमकलं. तिनं लांब चिमट्यानं ते ओढून वर काढलं.

जुना, मधे भोक असलेला तांब्याचा पैसा होता. देवघरात गणपतीपुढे ठेवतात तसला.

ती पैसा तळहातावर घेऊन उभी राहिली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. जसोदामाय तिच्याकडे बघत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“बेटा,” शेवटी तीच बोलली, “त्या फुलं काबर मिटेल शेतस?”

“यासले तांबं चालत नही, माय.”

“तांबं?” जसोदामायनं वर बघितलं. “तांबं तं शुद्ध ऱ्हास. पानी बी आपन तांबामाच ठेवतस.”

“आपल्याले चालस. यासले नही.”

जसोदामायनं त्या पैशाकडे बघितलं. मग तिनं सांगितलं, सरळ, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

“आयुष्यभर तापीमायमा पैसा टाका. पुलवरतीन मोटार जाये, तधळ खिडकीमातीन. तो पैसा शेवटी कथा जास? समुद्रमाच ना? मी म्हनं, आते समुद्रच घरमा शे, मंग इतला दूरतीन काबर टाकाना.” ती थांबली. “हात जोडात, आनि टाका.”

जिनलला हसू आलं. ती टँककडे वळली. कोळंबीचे पाय आता हलत नव्हते.

“मी सांगसू त्याले,” जसोदामाय म्हणाली. “टाकी लई जाई मंग तो शहाद्याले. जाऊ दे. मन्हीच चूक शे.”

असं म्हणून तिनं टँककडे बघितलं. बस सुटायच्या आधी खिडकीतल्या माणसाकडे बघतात तसं.

फोन वाजला. काका होते.

“सापडलं काही?”

जिनलनं मूठ मिटली. पैशाची कड बोटांना रुतली. तिला स्टँड आठवलं. पप्पांनी त्याला निळा रंग लावून घेतला होता आणि ते परवाच घरी आलं होतं. मग तिचा आवाज आला, वर्गात उत्तर देताना येतो तसा खणखणीत.

“माझ्याकडूनच झालं, काका. कॅनमधलं पाणी संपलं होतं. मी रात्री हंड्यात पाणी भरून ठेवलं आणि सकाळी तेच टाकलं. हंडा तांब्याचा होता.”

पलीकडे पुन्हा बँड ऐकू आला, मग बंद झाला.

“तुला सांगितलं होतं ना, कॅनमधल्या पाण्याशिवाय दुसरं नाही म्हणून?”

“हो.”

“मग?”

“विसरले.”

“विसरले,” काका म्हणाले. रागावलेले नव्हते ते, थकलेले होते. “बरं. मिठाचं पाणी पिंपात तयार आहे. अर्धा टँक बदल आत्ता. फिल्टरमधली कोळशाची पिशवी नवीन लाव. उरलेलं मी आल्यावर बघू. आणि जिनल, तुझ्या त्या छोट्या टँकचं सध्या राहू दे. एवढे जीव आहेत, असं विसरून चालत नाही.”

“हो, काका.”

तिनं फोन ठेवला. जसोदामायनं सगळं ऐकलं होतं.

“तुन्ही टाकी गई ना मंग?”

“बादली सरकाव, माय,” जिनल म्हणाली. “आनि हाई नळी धर. बादलीमातीन बाहेर येऊ देऊ नको.”

जसोदामायनं आधी नळीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. पदराला दोन्ही हात पुसले. मग वाकून नळी धरली, दोन्ही हातांनी, आणि समुद्र हळूहळू तिच्या पायाशी बादलीत उतरायला लागला. एक बादली भरली, मग दुसरी. जिनल ओतून येई तोवर जसोदामाय नळीला घडी घालून पाणी अडवून धरी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“तो पैसा तापीवर टाकी देजो,” निघताना ती म्हणाली. “मन्हा नावना.”

जिनल घरी पोचली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि मिठानं कडक झाली होती. पप्पा जेवायला बसले होते. दहावीचं वर्ष म्हणून घरात तिच्याशी सगळे शाळेतलं मराठी बोलत, तेवढाच अभ्यास.

“हेमकांतचा फोन आला होता,” पप्पा म्हणाले. “तुला बोलू नका म्हणाला. पण बेटा, तांब्याचा हंडा? तू तर मला पाण्याचे धडे देत होतीस.”

जिनल पाटावर बसली. ताट पुढे ओढलं.

मम्मी भाकरी वाढता वाढता थांबली. “हंडा कुठला? आपल्याकडे सगळे स्टीलचे. त्यांचा हंडा तर जसोदामायनं गेल्या वर्षी भाचीच्या आंदणात दिला. मीच घासून दिला होता.”

तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मी जिनलकडे बघत होती, तिच्या ओल्या सलवारीकडे, बोटांवर उमटलेल्या अर्धगोल वळाकडे. मग तिनं भाकरी ताटात टाकली आणि तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त तूप सोडलं.

“मग आता टँकचं काय करायचं?” पप्पांनी विचारलं.

“मला घरी टँक नको,” जिनल म्हणाली. “मी काकांना अजून विचारलेलं नाही, पण त्यांचाच टँक सांभाळू का, असं उद्या विचारणार आहे. रोज शाळेतून थेट जसोदामायकडे जाणार मी, परीक्षेपर्यंत आणि परीक्षेनंतरसुद्धा. पाणी बदलायला दोघी लागतात.”