साखळी कुणाच्या घराला

अहवाल फार स्वच्छ होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. बावीस वर्षं वह्या तपासून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की ज्याच्या वहीत एकही खाडाखोड नाही त्यानं एकतर गणित पाठ केलंय नाहीतर शेजाऱ्याचं उतरवलंय. इथे तर वही खुद्द नवऱ्याची होती. नवरा गावच्या अग्निशमन केंद्राचा प्रमुख. वाण्याची यादी लिहितानासुद्धा तीनदा खोडणारा माणूस. त्यानं 'घर पाडावे लागण्याची कारणे' या मथळ्याखाली दीड पान लिहावं, त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये, आणि ते टेबलावर उघडं टाकून अंघोळीला जावं? बाईंनी ते दोनदा वाचलं. उत्तर बरोबर होतं. पायऱ्याही होत्या. म्हणूनच त्यांना ते खरं वाटेना.

घडलं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी लाकडाच्या वखारीला आग लागली. वखारीला खेटून दातांच्या डॉक्टरांचं घर, त्याला खेटून वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरचं घर नि त्यातच दुकान, आणि त्याला खेटून प्रसूतिगृह. सगळ्यांच्या भिंती एकमेकींच्या गळ्यात गळा घातलेल्या. वारा वखारीकडून प्रसूतिगृहाकडे वाहत होता. आत सतरा बाळंतिणी होत्या. बंबातलं पाणी संपत आलेलं, आणि दुसरा बंब अजून रस्त्यातच होता. अशा वेळी आगीची वाट तोडायची म्हणजे मधलं एखादं घर पाडून मोकळी जागा करायची, हे या धंद्यातलं कुणीही सांगेल. प्रमुखानं दोन्ही घरांतली माणसं बाहेर काढली, बंबाला साखळ्या लावल्या आणि बाइंडरचं घर ओढून पाडलं.

पुढे वारा पडला, दुसरा बंब आला आणि आग डॉक्टरांच्या परसाच्या कडेला येऊन विझली. प्रसूतिगृह वाचलं. डॉक्टरांचं घरही वाचलं. म्हणजे हिशेब केला तर एकटं बाइंडरचं घर गेलं. हा बाइंडर बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि त्याची नि प्रमुखाची चार वर्षं बोलाचाल नव्हती.

भांडणाचं कारण विचाराल तर हसाल. केंद्राची जुनी रजिस्टरं बांधायला भावाकडे दिली होती. त्यानं एका रजिस्टरची वीस पानं उलटी शिवली. प्रमुखानं सगळा गठ्ठा परत पाठवला. भाऊ म्हणाला, "आग विझवताना कोण वाचतंय भाऊजी, पानं सुलटी आहेत की उलटी?" हे प्रमुखाच्या नाकाला असं झोंबलं, की त्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, "त्याचं ते दुकान एकदा पाडायलाच हवं." बाईंनी तेव्हा भाजी वाढली आणि विषय बदलला. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण आता दुकान खरंच पडलं होतं, आणि हे वाक्य ऐकलेलं जगात एकच माणूस होतं.

भावानं तक्रार केली. चौकशी लागली. कायदा काय म्हणतो ते बाईंनी नगरपालिकेच्या वाचनालयात बसून स्वतः वाचलं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कलम छोटंसंच होतं. मोठं नुकसान टाळायला लहान नुकसान करावं लागलं, दुसरा मार्ग नव्हता आणि मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं, तर तो गुन्हा नाही. त्याला आवश्यकता म्हणायचं. मग प्रमुख निर्दोष, आणि भावाला हळहळीपलीकडे काही मिळणार नाही. पण आवश्यकता नव्हती असं ठरलं, तर प्रमुखाची नोकरी जाणार, वर खटला, आणि नगरपालिकेनं भावाला घर बांधून द्यायचं. साक्षीदारांच्या यादीत बाईंचं नाव होतं.

"ताई, मी तुला खोटं बोल म्हणत नाही," भाऊ म्हणाला. तो एका छापखान्याच्या माळ्यावर राहत होता, खाली यंत्र सुरू झालं की वर त्याचा चहाचा कप बशीत नाचायचा. "भाऊजी जेवताना काही म्हणाले होते का माझ्याबद्दल, एवढंच सांग. तू नेहमी म्हणायचीस ना, की मी त्यांच्या डोक्यात बसलोय."

"बघते," बाई म्हणाल्या. काय बघणार होत्या ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पण बघायला त्यांनी सुरुवात मात्र केली. नवऱ्यावर त्यांनी असा पहारा ठेवला, की परीक्षेच्या वर्गातही कधी ठेवला नसेल. तो पोटभर जेवत होता. रात्री छान घोरत होता. बाईंना त्या घोरण्याचाच संशय येऊ लागला. मेव्हण्याचं घर भुईसपाट केलेल्या माणसाला इतकी गाढ झोप लागते? की एक जुनं ओझं उतरल्यामुळेच लागते? भावाचं नाव निघालं की तो वर्तमानपत्राचं पान उलटायचा. एकदा तर त्यानं जाहिरातींचं पान दहा मिनिटं वाचलं.

गावात त्याला 'ओळंबा' म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. बंबात पाणी भरायच्या नळासमोर लावली म्हणून यानं स्वतःच्याच स्कूटरला दंड केला होता. सख्ख्या पुतण्याचा नोकरीचा अर्ज सगळ्यांदेखत परत केला होता. लोक कौतुकानं सांगायचे आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. ऐकायचा मात्र प्रत्येक शब्द, हे बाईंना माहीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी बाई डॉक्टरांकडे गेल्या. दाढ दुखतेय असं सांगितलं. डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली आणि म्हणाले, "काही नाही हो, उत्तम आहे."

"मग हात धुऊन येते," म्हणून बाई सरळ परसात गेल्या.

अहवालात लिहिलं होतं: 'डॉक्टरांच्या घराचा मागील भाग पेटलेला असल्याने तेथे माणसे पाठविणे शक्य नव्हते.' बाईंनी मागचा भाग नीट पाहिला. भिंत काळी पडली होती, पण खिडकीचा रंगसुद्धा फुगला नव्हता. भिंतीपासून हातभर अंतरावर कपडे वाळत घालायची तार होती आणि तारेवर प्लास्टिकचे चिमटे ओळीनं बसलेले होते. लाल, पिवळे, निळे. एकही वितळला नव्हता.

"हे चिमटे नवीन का हो?" त्यांनी डॉक्टरांच्या बायकोला विचारलं.

"छे! दोन वर्षं झाली. आगीत वाचले बघा, नशीब."

बाई घरी चालत आल्या. वाटेत दोन ओळखीच्या बायका भेटल्या त्याही त्यांना दिसल्या नाहीत. मागचा भाग पेटलेला नव्हता. मग डॉक्टरांचं घर पाडता आलं असतं. ते पाडलं असतं तर आग तिथेच तुटली असती, प्रसूतिगृहही वाचलं असतं आणि त्यांच्या भावाचं घरही. नवरा खोटं बोलत होता. बाईंना आता कारणही दिसत होतं, वीस उलटी पानं आणि जेवणाच्या ताटावरचं एक वाक्य. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, की आपण या माणसाला सव्वीस वर्षं सरळ समजत आलो.

चौकशीच्या दिवशी सकाळी नवरा गणवेशाच्या पितळी बटणांना पॉलिश करत बसला होता. बाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"डॉक्टरांच्या परसातले चिमटे वितळलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

त्याचा हात थांबला. हा माणूस आता काहीतरी सांगून मोकळा होईल, असं त्यांना वाटलं. पण त्यानं पुढचं बटण घासायला घेतलं.

"आग होती का मागे?"

"धूर होता," तो म्हणाला. "आग नव्हती."

"वेळ होता?"

"दहा-बारा मिनिटं होती."

"मग डॉक्टरांचं घर का नाही पाडलंत? माझ्या भावाचं वाचलं असतं."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

त्यानं कापड खाली ठेवलं. "साखळी डॉक्टरांच्याच खांबाला लावली होती, अगं. बंब सुरू होता, मी नुसता हात खाली करायचा बाकी होता. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, 'बघा, मेव्हण्याचं वाचवतोय.' दोघंतिघं हसले." तो बटणाकडे बघत बोलत होता. "मी साखळी काढायला लावली. पुढच्या घराला लावा म्हटलं."

"कोण म्हणालं?"

"काय माहीत. मी वळून पाहिलं नाही."

जेवताना बोललेलं ते वाक्य, उलटी पानं, घोरणं, सगळ्यावर बाईंनी इतके दिवस डोळ्यांत तेल घालून संशय घेतला होता आणि उत्तर भलतीकडेच निघालं. रागावर भांडता आलं असतं. याच्याशी कसं भांडायचं ते त्यांना कळेना.

"तुझा भाऊ म्हणून मी त्याला वाईट वागवलं नाही," तो म्हणाला. "उलट—"

"गप्प बसा," बाई म्हणाल्या. असं त्या त्याला पूर्वी कधी म्हणाल्या नव्हत्या.

चौकशी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. खोलीत माणसं खच्चून भरली होती, व्हरांड्यातही उभी होती. चौकशी अधिकारी निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि प्रत्येक प्रश्नाआधी त्या नाक पुसत होत्या.

"तुमच्या यजमानांनी हे घर पाडण्याची भाषा पूर्वी कधी केली होती?"

"हो," बाई म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वी. जेवताना. 'ते दुकान एकदा पाडायलाच हवं' असं म्हणाले होते."

खोलीत कुजबुज झाली. समोर बसलेल्या भावाचा चेहरा उजळला.

"म्हणजे रागानं पाडलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही."

"कशावरून?"

इथे थांबता आलं असतं. 'मी त्यांना ओळखते' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. हेतू वाईट नव्हता एवढं सिद्ध झालं असतं, अहवाल तर आधीच नीटनेटका होता. नोकरी वाचली असती. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बाई थोडं थांबल्या. तो आपणहून उठेल असं त्यांना फार वाटत होतं. ज्या माणसाच्या सरळपणाच्या गोष्टी अख्खा गाव सांगतो, तो उठेलच. तो उठला नाही.

"साखळी आधी कुठल्या घराला लावली होती," बाई म्हणाल्या, "ते त्यांना विचारा."

मागे उभे असलेले केंद्राचे दोन जवान जमिनीकडे बघू लागले. अधिकारीबाईंनी ते पाहिलं आणि प्रश्न विचारला. आता मात्र प्रमुख उठला.

"डॉक्टरांच्या," तो म्हणाला.

"मग काढली का?"

"लोक बोलत होते."

"काय बोलत होते?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की अधिकारीबाईंना पुन्हा विचारावं लागलं. त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी कुणीही हसलं नाही.

अधिकारीबाईंनी पेन हातातच धरून ठेवलं. "दुसरा मार्ग होता," त्या म्हणाल्या, "आणि तो तुम्ही हातात घेऊन सोडलात. या कलमात मी हे कुठे बसवू, तुम्हीच सांगा."

त्यांनी लिहायला घेतलं आणि सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा भाऊ जिन्याच्या पायरीवर बसला होता. निकाल त्याच्या बाजूनं लागणार हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाई त्याच्याजवळ बसल्या.

"घर मिळेल ना, ताई?"

"मिळेल."

"मला वाटायचं, भाऊजींचा माझ्यावर राग आहे," तो म्हणाला. "इतका राग, की घर पाडलं. चार वर्षं मनात धरून बसले, म्हटलं. मी पण धरून बसलोच होतो की." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "ते माझा विचारच करत नव्हते गं."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही रडू येत होतं, आणि ते त्यांनी आवरलं नाही.

तेवढ्यात प्रमुख खोलीतून बाहेर आला. टोपी हातात होती. त्याला पायरीवर बसलेली दोघं दिसली. तो त्यांच्याकडे यायला निघाला, दोन पावलं आलाही. त्याचं तोंड असं झालं होतं, की आता हा खाली बसेल आणि काहीतरी बोलेल. मग त्यानं मान वळवून व्हरांड्यातल्या माणसांकडे पाहिलं. पंधरा-वीस जण त्याच्याकडेच बघत होते.

तो जागच्या जागी थांबला. बाईंनी त्याला हाक मारली नाही. त्या वाट बघत राहिल्या.