धक्क्यावरचं ताट

एम्बुनने कालवणाच्या पातेल्यावर झाकण इतक्या जोरात आपटलं, की सुरूच्या झाडाखाली निजलेली मांजर उठून पळाली.

"कुठे पाठवलंस त्यांना?"

तिचा मुलगा रोस्दी धक्क्यावर बसून होडीच्या दोराचा गुंता सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "कुणाला?"

"त्या गोऱ्या पाहुण्यांना. चांगलं खायला कुठे मिळेल, म्हणून विचारत होते ना तुला? मी काय बहिरी झालेय? आणि तुझा अंगठा कुठे वळला? त्या काचेच्या हॉटेलाकडे!"

लंकावी बेटावर बोट रोखून दाखवणं उद्धटपणाचं. माणसं मूठ मिटून अंगठ्यानं वाट दाखवतात. रोस्दीनेही तशी अगदी अदबीनं दाखवली होती. फक्त तो अंगठा सख्ख्या आईच्या टपरीवरून, तिच्या डोक्यावरून पलीकडे गेला होता.

"आई, ते लोक तुझ्याकडे आले की तू त्यांच्यावर ओरडतेस."

"मी? कधी?"

"परवा त्या बाईच्या हातातला काटा काढून घेतलास."

"बांगड्याला भोसकत होती ती! मासा काय पळून जाणार होता? आणि हात धुवायला तांब्या दिला, तर तोच तोंडाला लावला."

"म्हणूनच सांगतो. त्यांना गार खोली लागते, चित्रं बघून जेवण मागवायचं असतं. इथे काय आहे? माश्या, आणि तुझी बोलणी."

"याच माश्यांत वाढलास तू!"

तिच्या लहानपणी बेटावर कुठे खायचं, असं कुणी कुणाला विचारतच नसे. ज्याच्या पायरीशी होडीवाला टेकला, त्याच्या घरी तो जेवला. तिची आई तर अनोळखी माणसाला आधी भात वाढायची आणि मग नाव विचारायची. आज त्याच किनाऱ्यावर पोटचा पोरगा आईच्या हातचं लपवून परक्याची जाहिरात करत होता.

रोस्दीने दोर गुंडाळून ठेवला, हात धुतले आणि रोजच्यासारखा बाकावर बसला. ताट वाढलेलं होतं. भात, भेंड्या घातलेलं आंबट-तिखट कालवण, त्यात बांगड्याचं डोकं. त्याने हात पुढे केला, तोच एम्बुनने ताट ओढून घेतलं.

"जा. गार खोलीत बसून खा."

रोस्दी क्षणभर ताटाकडे बघत राहिला. मग ओला हात विजारीला पुसून उठला. पाहुण्यांना समुद्रफेरीला न्यायला होडी हॉटेलाच्या धक्क्याकडे वळली, तेव्हा त्याने मागे पाहिलं नाही.

एम्बुन भांडी घासू लागली. एक थाळी घासली, तीच पुन्हा घासली. मग तिचा हात थांबला.

समोर आलेल्या अन्नाला न शिवता, त्यावर वासना ठेवून निघालेल्या माणसाला वाटेत काहीतरी होतं, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भूक नसली, घाई असली, तरी बोटाचं टोक अन्नाला लावून ओठांना लावायचं आणि मगच पाऊल उचलायचं. सआदमामा असाच उकडलेला कंद सोडून समुद्रावर गेला होता. होडी सापडली, मामा सापडला नाही. आणि इथे तर पोराने नाकारलं नव्हतं. आईनेच त्याच्या हाताखालून ताट ओढलं होतं.

तिने ताटावर विणलेलं झाकण घातलं आणि ती निघाली.

हॉटेलवाल्यांनी किनारा भिंत घालून अडवला होता, त्यामुळे त्यांच्या धक्क्यावर जायला आता हॉटेलातूनच वाट होती. जिथे तिच्या वडिलांची जाळी वाळायची, तिथे चकचकीत फरशी. आयुष्यात या फरशीला पाय लावणार नाही, असं ती साऱ्या गावाला सांगून बसली होती.

"एम्बुनमावशी," ताटं उचलणारी नोरिझा पुढे आली. शेजारच्याच घरची पोर. "बाहेरचं जेवण आत चालत नाही हो."

"बाहेरचं? बाहेरचं कोण गं? तुझ्या आईच्या लग्नाचा भात मी शिजवलाय. हो बाजूला!"

नोरिझा बाजूला झाली.

धक्क्यावर होडी भरली होती. पाहुणे नारिंगी जाकिटं घालून बसले होते, इंजिन घरघरत होतं. ताट घेऊन आलेल्या आईला पाहून रोस्दीने ते बंद केलं.

"आई, तू? इथे?"

एम्बुनने झाकण काढलं आणि ताट पुढे धरलं. "हात लाव."

बोटाचं टोक कालवणात बुडवून त्याने ओठांना लावलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे."

तेवढ्यात पुढे बसलेली बाई वाकली. तीच, काट्यावाली. समुद्रावर निघताना असंच करायचं असतं असं तिला वाटलं असावं. तिने गंभीरपणे बोट बुडवलं आणि चाटलं. मग तिच्या नवऱ्याने. मग त्याच्या पलीकडच्या पोरींनी.

"अगं बाई! हात तरी धुतलेत का यांनी?" एम्बुनचा चेहरा लालबुंद झाला. तिने ताट मागे घेतलं. "पोराचं ताट आहे हे! सांग त्यांना!"

"सांगतो," रोस्दी शांतपणे म्हणाला. "पण आता वास घेतलाय सगळ्यांनी. आणि माझ्याच होडीत बसलेत."

एम्बुनने त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग समुद्राकडे. शेवटी पुटपुटत, गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली, आणि मागच्या फळीवरच्या म्हाताऱ्याचाही हात पोहोचेल इतकं ताट पुढे सरकवलं.

दुपार कलल्यावर होडी परतल्याचा आवाज आला, तेव्हा ती टपरीत पाठमोरी उभी होती. रोस्दीचा अंगठा कुठे वळतोय ते तिने पाहिलं नाही. पाहायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं. बाकांवर हात धुवायचे तांबे मात्र भरून ठेवलेले होते. आणि प्रत्येक तांब्याशेजारी, आज पहिल्यांदाच, प्यायच्या पाण्याचा एक पेला.