चिमणीचा उभा पाय

मी एक जुनी किकबॅग आहे, मित्रांनो, आणि आज मला भयंकर राग आला आहे. आजवर मी मुकाट्याने लाथा खाल्ल्या. आज बोलणार.

ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला जाड कापडातून शिवले आणि माझ्या पोटात चिंध्या ठासल्या. तायक्वांदो शिकवणाऱ्या आजोबांनी मला त्यांच्या हॉलमध्ये साखळीने टांगले. त्यांचे विद्यार्थी आधी वाकून नमस्कार करत, मग लाथ मारत. उभा पाय, म्हणजे ज्यावर तोल असतो तो, टाचेसकट वळवायचा, कंबर पूर्ण फिरवायची आणि सगळा जीव त्या एका लाथेत ओतायचा. "एकच मार, पण खणखणीत!" आजोबा म्हणत. माझ्या साखळीचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. काय रुबाब होता माझा!

मग आजोबांची मुलगी स्पर्धा गाजवून आली आणि त्याच हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग घेऊ लागली. तिच्याबरोबर सेन्सर लावलेली चिलखते आली. नेमक्या जागी पाय लागला की गुण. पुढचा पाय हवेत तरंगता ठेवायचा, झटकन लावायचा. उभा पाय जेमतेम हलवायचा, कारण वळण्यात वेळ जातो. मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. वाळू देत! दोन्ही रीतींना मेहनत लागते, हे मला ठाऊक आहे.

माझा राग चिमणीपायी आहे. चिमणी म्हणजे आजोबांची नात. सकाळी आजोबांकडे शिकायची, संध्याकाळी आत्याकडे, म्हणजे आजोबांच्या त्याच मुलीकडे.

"ही लाथ आहे की माशी हाकलतेस?" सकाळी आजोबा.

"अगं, एवढी वळत बसलीस तर समोरची जेवून परत येईल!" संध्याकाळी आत्या.

दोघांनाही खूश करायला पोर बिचारी मधलेच काहीतरी करू लागली. कंबर आजोबांसारखी गरकन फिरायची, उभा पाय आत्याने सांगितल्यासारखा जागच्या जागी. सगळा पीळ गुडघ्यावर!

"आत्या, गुडघा दुखतोय गं."

"आजोबांनी घासून घेतलं असेल. बर्फ लाव."

"आजोबा, गुडघा..."

"त्या टिचक्या मारून होतं ते. चल, वळव पाय!"

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा दोघांची माझ्यासमोरच जुंपली. "मार गं, दाखव हिला खरी लाथ!" "मार, पण शिकवलंय तशी!" चिमणीने डोळे मिटून लाथ मारली. कंबर फिरली, पाय चिकटून राहिला. कट् असा आवाज झाला आणि ती माझ्याखाली कोसळली.

आणि हे दोघे? "तुमच्यामुळे!" "तुझ्यामुळे!" पोर खाली कळवळतेय आणि वर हे!

तिला न्यायला आलेली आई दारातूनच धावली. "तुमचं भांडून झालं असेल तर कुणीतरी तिचा पाय धरा," ती म्हणाली. इतक्या हळू, की दोघे वाद सोडून खाली वाकले.

शस्त्रक्रिया झाली. पुन्हा खेळता येईल की नाही, डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. काल चिमणी कुबड्या घेऊन हॉलमध्ये आली.

"बरी झालीस की हळूहळू माझ्याकडे..." आत्या म्हणाली.

"छे, आधी पाया पक्का..." आजोबा सुरू झाले.

"आज दुखतंय का, ते विचारा ना आधी," चिमणी म्हणाली.

 आजोबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि आत्या तिच्या पायाशी बसली. "दुखतंय का गं?" तिने विचारले.

मित्रांनो, जोराने मारा, झटकन मारा, तुमचे सगळे वाद माझ्यावर काढा. मी त्यासाठीच टांगलेली आहे. पोर त्यासाठी नाही.