शेवटच्या टाक्यानंतरचा शब्द

अपुऱ्या वस्तूला पूर्ण म्हणणे हे असत्य होय. परंतु त्या असत्यावाचून कोणाचे प्राण वाचत नसतील तर काय करावे, हा प्रश्न थोरांनाही सुटलेला नाही. मित्रांनो, तो प्रश्न एकदा एका वृद्धाच्या कंठाशी येऊन थांबला होता. त्या कंठात तेव्हा मी होतो.

मी एक जुना शब्द आहे. आज माझा निवास एका जाड तेलुगू कोशात आहे. कुऱ्हाडीला दांडा बसवणारा, धनुष्याला दोरी चढवणारा, चाकाला लोखंडी धाव चढवणारा, असे माझे कितीतरी भाऊबंद तेथे पानोपानी विखुरले आहेत. माझा अर्थ, ‘शेवटचा टाका घालून होडी समुद्रात जाण्यायोग्य करणे’. त्यापुढे कोशकारांनी लिहिले आहे, ‘प्रचारात नाही’.

कलिंग किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात माझा जन्म झाला. तेथील होड्यांना खिळा ठाऊक नव्हता. टाक्यांखाली गवताची वळी दाबून फळ्या काथ्याने शिवीत. दरवर्षी जुने टाके कापून होडी सुटी करीत आणि नव्याने शिवीत. शेवटचा टाका पडला की वडीलधारा शिवणकरी सगळ्या शिवणींवरून तळहात फिरवी आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हात ठेवून मला उच्चारी. त्यानंतरच होडीला हळद लागे, त्यानंतरच माणूस तीत पाय ठेवी. एरवी मला तोंडी आणणे निषिद्ध होते. म्हणून येथे मीही माझा उच्चार करीत नाही.

एके वर्षी होड्या अशा सुट्या पडल्या असताना तेव्हाचे वडीलधारे शिवणकरी एर्रय्या यांचा मुलगा सिंहाद्री ओंडक्यांचा तराफा घेऊन पहाटे एकटाच मासळीला गेला. दुपारी वारा फिरला. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तो किनाऱ्यावरून दिसत होता. त्याचे वल्हे गेले होते आणि तो डोईचे फडके हलवीत होता. त्याच्याकडे निघालेले दोन तराफे लाटांनी उलटे करून वाळूवर फेकले. तेथवर पोहोचेल अशी एकच होडी होती, आणि तिची वीतभर शिवण राहिली होती. काथ्या संपला होता; नवा आणायला गेलेली गाडी परतली नव्हती.

“तात, बोला आता,” नाखवा अप्पन्ना म्हणाला. “वीतभर शिवणीनं काय होतंय? मी बूड टेकून बसतो तिच्यावर.”

“तुझं बूड मोठं आहे रे, पण समुद्राहून नाही,” एर्रय्या म्हणाले.

सिंहाद्रीची बायको नूकालम्मा पुढे आली. “मामंजी, तिकडे तुमचंच पोर हात हलवतंय. एक शब्द जड झाला तुम्हांला?”

“दिसतंय मला. पण वल्ह्यावर बसतील ती पाचजणंही कोणाची तरी पोरंच आहेत, सूनबाई.”

मी त्यांच्या जिभेवर आलो होतो. उच्चारले जावे अशी मला तळमळ होती, आणि उच्चारले जाण्याचे भयही तेवढेच होते. त्यांनी मला गिळले.

नूकालम्मा झोपडीत धावली. आतून लेकराचे रडणे ऐकू आले. ती दोर घेऊन परतली. “पाळण्याचा आहे. काथ्याच आहे ना? शिवा.”

“आणि पोरगी?”

“भुईवर निजेल. बाप आला की घेईल मांडीवर.”

एर्रय्यांनी दोराचा पीळ उलगडला. टाके घालताना त्यांची बोटे सोलवटली. तरी त्यांनी एकही शिवण न वगळता तळहात फिरवला, नाळेवर हात ठेवला आणि मला उच्चारले. होडी लाटांवर चढली. तोवर ते फडके दिसेनासे झाले होते.

तिन्हीसांजेला होडी परतली. पाचही जण सुखरूप होते. मागे रिकामा तराफा बांधलेला होता. अप्पन्ना मान खाली घालून म्हणाला, “होडीत थेंब आला नाही, तात.”

पुढल्या वर्षी होड्या शिवून झाल्या, पण एर्रय्यांना मला उच्चारवेना. नाळेवर ठेवलेला हात त्यांनी मागे घेतला. तेव्हा नूकालम्मा मुलीला कडेवर घेऊन आली. शिवणींवरून तळहात फिरवताना ती एके ठिकाणी थांबली. “इथं सैल आहे. परत घाला.” टाका पुन्हा पडल्यावर तिने मला उच्चारले. त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीने मला उच्चारले नव्हते. तरी कोणी हरकत घेतली नाही.

कालांतराने खिळे आले, मग यंत्रांच्या होड्या आल्या, आणि मी मुका झालो. मित्रांनो, मला पुन्हा उच्चारा असे मी विनवीत नाही. एवढेच विनवितो की कशालाही ‘झाले’ म्हणण्यापूर्वी त्यावरून एकवार तळहात फिरवा. एर्रय्या आधीच बोलले असते तर सिंहाद्री वाचला असता काय? इतकी वर्षे कोशात पडून मी हाच विचार करीत आहे.

सिंहाद्रीला जळात विसावा लाभो. खोटे न बोललेल्या त्या वृद्धाला शांती लाभो. आणि भुईवर निजलेल्या त्या लेकराची झोप अखंड राहो.