कमरेतला छर्रा

माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. मी स्वतः भरलेली संत्र्याची पेटीसुद्धा पुन्हा उघडून पाहतो. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि "मोठ्या आतड्यात गाठ आहे, सोमवारी ऑपरेशन करू," असं म्हटलं, तेव्हा मला आधी शंका आली. भीती नंतर वाटली.

शौचातून रक्त जात होतं, हे खरं. पण पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी मूळव्याध सांगितली होती. मग ही गाठ आली कुठून?

तिगावला घरी आल्यावर मी फिल्म खिडकीला लावून बसलो. बायको वैतागली.

"काय पाहून राहिले सकाळपासून? डॉक्टरची काय तुमच्याशी दुश्मनी आहे?"

"शकू, माहा छर्रा कुठी आहे?"

वीस वर्षांपूर्वी बगीच्यात रानडुकरांवर झाडलेल्या बंदुकीचा एक छर्रा माझ्या कमरेत घुसला आणि तिथेच राहिला. प्रत्येक एक्स-रेत तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसायचा. या फिल्मवर कमरेची सगळी चौकोनी चित्रं मी तपासली. ठिपका नव्हता. शकू म्हणाली, ऑपरेशनला भिता म्हणून बहाणे शोधता. क्षणभर मलाही तसंच वाटलं.

तरी शनिवारी नागपूर गाठलं. स्कॅन काढणाऱ्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी दोन गुणवंता कळंबे आले होते. एक मी, दुसरा रामाकोन्याचा. माझी फिल्म त्याला गेली होती, त्याची मला.

खोटं कशाला बोलू, मी आनंदात जिलेबी घेतली. दुसऱ्या घासाला तो माणूस आठवला. एकाच बाकावर बसून आम्ही स्कॅनआधीचं औषधाचं पाणी प्यायलो होतो, नाव सारखं म्हणून हसलो होतो. उरलेली जिलेबी खाववेना.

"आम्ही त्यांना कार्ड टाकतो," बाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या कार्डावर माझा विश्वास नव्हता. मीच रामाकोन्याची बस धरली.

तो अंगणातच भेटला. मला पाहून खूश झाला, हातावर प्रसाद ठेवला.

"माही फिल्म साफ निघाली भाऊ. जामसांवलीच्या मारुतीले नारळ फोडून आलो."

मी सगळं सांगितलं. त्याची फिल्म पाकिटासकट त्याच्या हातात दिली.

"सोमवारची तारीख गुणवंता कळंबेच्याच नावानं आहे," मी म्हणालो. "तुम्ही जा."

त्याने भांडावं, मला खोटं पाडावं, निदान फिल्म उजेडावर धरून तरी पाहावी, असं मला फार वाटत होतं. जन्मभर मी लोकांवर शंका घेतली होती. त्याने माझ्यावर एकदा तरी घ्यायला हवी होती.

त्याने पाकीट उघडलंही नाही.

"खोटं सांगाले तुम्ही इतक्या दूर कायले याल," तो म्हणाला, आणि बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.